दोन चाळींची टाकी

कुशाबा गमरे मुन्शिपाल्टीच्या पाणीखात्यात चावीवाला होता. पहाटे चारला तो चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा. काळाचौकीपासून भोईवाड्याच्या अलीकडपर्यंत रस्त्याखाली अकरा व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यात होते. झाकण उचलायचं, चावी खाली बसवायची आणि मोजून फेरे द्यायचे. एका गल्लीचं पाणी दोन तासांनी बंद केलं की दुसरीचं सुरू. फेरे कमी-जास्त झाले की कुणाची तरी चूल अडायची, हे त्याला बारा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

तो राहायचा ती चाळ मात्र पाण्याच्या शेवटच्या टोकाला होती. गल्लीत एकाच मालकिणीच्या दोन चाळी होत्या, पुढची आणि मागची. पुढच्या चाळीत चाळीस खोल्या. माणसं कोकणातली, बहुतेक मालवण-देवगडकडची, गिरणीत साच्यावर कापड विणणारी. मागच्या चाळीत अठ्ठावीस खोल्या. तिथली माणसंही कोकणातलीच, पण पूर्वीच्या महारवाड्यांतून आलेली आणि गिरणीत सूतखात्यात राबणारी. डिसेंबर छप्पन्नमध्ये दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप देताना त्या चाळीतल्या बहुतेकांनी तिथंच दीक्षा घेतली होती.

रस्त्यावरून एक तीन इंची पाइप गल्लीत शिरत होता. तो गटाराच्या कडेकडेनं जात आधी पुढच्या चाळीच्या चार नळांना पाणी द्यायचा आणि मग मागच्या चाळीच्या दोन नळांपर्यंत जायचा. साडेचार ते साडेसहा पाणी असायचं. पुढच्या चाळीचे हंडे भरेपर्यंत मागचे नळ नुसते फुसफुसत. सहा वाजून गेल्यावर धार लागायची, तीही करंगळीएवढी. तोवर पहिल्या पाळीची माणसं डबा घेऊन निघालेली असत.

संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा असली की दोन्ही चाळी एकत्र निघत. पुढच्या चाळीतले शामराव घाडी पुढे झेंडा घेऊन असत. छप्पन्न साली त्यांनी पंधरा दिवस तुरुंगात काढले होते. सत्तावनच्या निवडणुकीत दोन्ही चाळींनी समितीलाच मतं दिली. सभेत खांद्याला खांदा लागायचा, पण नळावर हंड्याला हंडा लागत नव्हता. पुढचे नळ पुढच्यांचे आणि मागचे मागच्यांचे, असं पहिल्यापासून चालत आलं होतं आणि कुणी ते बोलूनही दाखवत नसे.

कुशाबाची बायको मालन एका सकाळी रिकामी कळशी दारात आपटून म्हणाली, "अख्ख्या काळाचौकीला पाणी सोडता तुम्ही. आपल्या गल्लीला अर्धा तास जास्त सोडलं तर कोण विचारणार आहे?"

"खालच्या गल्लीवाला विचारेल," कुशाबा म्हणाला. "तो अर्धा तास त्याच्यातनंच जाणार ना."

"वैतरणेचं पाणी आलं म्हणतात. कुठं आलं?"

"आलंय. मोठ्या पाइपात आलंय. आपल्या पाइपात शिरत नाही."

मालनला ते पटलं नाही. चाळीतल्या बाकीच्यांनाही पटत नव्हतं. साहेबाला घाबरून कुशाबा आपल्याच माणसांना तहानलेलं ठेवतो, असं उघड बोललं जायचं. तो ऐकून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच फेरे द्यायचा.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत शेजारच्या दगडूनं त्यावर उपाय काढला. दगडू तिशीतला, गिरणीच्या रिंगखात्यात सूत कातायच्या कामाला, हाताचा हुशार. रे रोडच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक जुना हातपंप आणला, दुरुस्त केला आणि मागच्या चाळीच्या एका नळाला जोडला. दांडा मारला की पाइपातलं पाणी ओढलं जायचं. पहिल्याच दिवशी पाच वाजताच हंडे भरायला लागले. बायकांनी दगडूच्या आईला, सुंदराबाईला, नळाजवळ पाट मांडून बसवलं आणि पहिली कळशी तिच्या हातानं भरून घेतली.

कुशाबा फेरीवरून आला आणि पंप बघून थबकला.

"दगडू, हा काढ."

"का? मुन्शिपाल्टीचा कायदा आडवा येतो?"

"कायदा राहू दे. पाइप गटाराला लागून आहे. सांधे जुने झालेत. पाणी जोरात असलं की सांध्यातनं बाहेर गळतं. तू रिकाम्या पाइपातनं ओढलंस तर बाहेरचं आत येईल. गटार ओढशील तू."

"पाणी काचेसारखं दिसतंय, कुशादादा."

"दिसू दे."

"तू स्वतः देत नाहीस आणि आम्ही आणलं तर काढ म्हणतोस," दगडू म्हणाला. जमलेल्या बायकांपैकी कुणीच कुशाबाच्या बाजूनं बोललं नाही. मालनसुद्धा गप्प राहिली. तिचे दोन हंडे भरलेले होते.

कुशाबानं घरापुरता पंपाच्या पाण्याला हात लावू दिला नाही. मालननं आठ दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं. पंप मात्र चालू राहिला. तो हिसकून तोडावा असं त्याच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा त्यानं आवरतं घेतलं. या गोष्टीचं त्याला पुढे फार वाईट वाटलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या चाळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तीन दिवसांत अकरा माणसं पडली. पुढच्या चाळीतही दोन पोरं आजारी झाली, त्यातलं एक शामरावांची नात. साथीच्या इस्पितळाच्या गाडीनं दोन खेपा केल्या. बाकीची माणसं बरी होऊन घरी आली. सुंदराबाई आली नाही. सत्तरीची बाई, दोन दिवसांत अंगातलं सगळं पाणी गेलं.

तिला पोचवून आल्यावर दगडूनं पाना घेतला, पंप नळावरून उतरवला आणि त्याच्याजवळच जमिनीवर बसून राहिला. कुशाबा शेजारी जाऊन बसला.

"तू सांगितलं होतंस," दगडू म्हणाला.

"नुसतं सांगितलं. मला माहीत होतं तर काढायला पाहिजे होता."

आरोग्यखात्याच्या माणसांनी पाण्याचा नमुना नेला आणि घराघरांत लस टोचली. त्यांच्याबरोबर पाणीखात्याचे ओव्हरसियर हेरंब करमरकर आले होते. तरुण माणूस, पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी गटाराजवळची जमीन उकरायला लावली. सांधा सापडला. शिसं झिजून बोट जाईल एवढी फट पडली होती. दुरुस्तीसाठी पाइपाचा दोन फुटी तुकडा कापून काढला, तो कुशाबानं मागून घेतला.

"साहेब, अख्खी लाइनच बदलली पाहिजे."

"बदलायला हवी, मान्य आहे," करमरकर म्हणाले. "पण रस्त्यातली लाइन आमची, गल्लीच्या आतली मालकाची. मालकानं रीतसर अर्ज केला तर तोंडावर चार इंची जोड मी महिन्याभरात मंजूर करून आणतो. आतलं काम तुम्हालाच उभं करावं लागेल."

कुशाबा त्याच संध्याकाळी तो तुकडा घेऊन शामरावांकडे गेला. शामराव गिरणीतून येऊन चहा पीत होते. त्यांची बायको कौसल्या चुलीपाशी होती. कुशाबा दाराबाहेरच उभा राहिला.

"मालकिणीकडे जायचंय. तुम्ही बरोबर चला, शामराव. दोन्ही चाळींचं म्हणून बोलायचं."

"आमच्याकडे पाणी येतंय रे," शामराव म्हणाले. वाईट हेतूनं नव्हे, जे होतं ते बोलले. "आमची माणसं म्हणतील, आम्ही कशाला?"

"तुमची नात कशानं पडली मग?"

शामरावांनी कप खाली ठेवला.

"फुटलेला सांधा तुमच्या नळांच्याही आधी आहे," कुशाबा म्हणाला. "मागनं ओढलं ते तुमच्या पाइपातनं गेलं. हे बघा." त्यानं तुकडा उंबऱ्यावर ठेवला. आत गंजाच्या गाठी धरल्या होत्या. तीन इंची पाइपात मधोमध अंगठा जेमतेम जाईल एवढं भोक उरलं होतं. "आज मागं येत नाही. अजून दोन-चार वर्षांनी तुमच्याकडेही येणार नाही."

शामरावांनी तुकडा उचलून वजन बघितलं, भोकात अंगठा घालून बघितला. "रविवारी जाऊया," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आत ये. बाहेर काय उभा?"

कुशाबा आत गेला. कौसल्या भांडी उचलून मागच्या बाजूला निघून गेली.

मालकीण मृणालिनीबाई विजयकर गिरगावात राहायच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. चाळींचा कारभार त्या स्वतः बघत. कुशाबा, शामराव आणि दगडू तिघं त्यांच्या दिवाणखान्यात बसले. बाईंनी पाइपाचा तुकडा डोळ्याला लावला आणि खिडकीकडे धरून आरपार बघायचा प्रयत्न केला.

"काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब, ह्याच्यातनं पाचशे माणसं पाणी पितात," कुशाबा म्हणाला.

बाईंनी तुकडा टीपॉयवर ठेवला. "तुमच्याकडची बाई गेली ते कळलं मला. वाईट झालं. पण मी स्पष्ट बोलते. भाडं लढाईच्या आधी होतं तेवढंच आहे, कायद्यानं वाढवता येत नाही. कौलं आणि जिने यांतच सगळं संपतं. पाइप आणि सिमेंट मी देईन. मजुरी माझ्याच्यानं होणार नाही."

"मजुरी आम्ही करू," दगडू म्हणाला. घरातून निघाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

"नुसता पाइप नको, बाईसाहेब," कुशाबा म्हणाला. "टाकी पाहिजे. नळ पुढं असले की पुढच्याला आधी मिळतं. मोठा पाइप घातला तरी हेच होणार. दोन्ही चाळींच्या मधे मोकळी जागा आहे, तिथं टाकी बांधू. पाइपाचं सगळं पाणी टाकीत, आणि टाकीला चारी बाजूंनी एकाच उंचीवर तोट्या. मग आधी-नंतर उरत नाही. पाइप भरलेला राहील, कुणाला ओढायला नको. दिवसभरात कधीही भरा."

शामराव चुळबुळले. "दोन टाक्या झाल्या तर? एक आमची, एक ह्यांची."

"दोन टाक्यांचं सिमेंट मी देणार नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "बांधायची तर एक बांधा. नाहीतर आहे ते चालू द्या. अर्जावर मी आज सही करते, कारण ते माझं कामच आहे. टाकीचं तुम्ही ठरवून मला कळवा."

पुढच्या रविवारी दुपारी दोन्ही चाळींची माणसं मधल्या जागेत जमली. एका बाजूला एक चाळ, दुसऱ्या बाजूला दुसरी. कुशाबानं आधी रबराची नळी पुढच्या नळाला लावून पाणी किती उंच चढतं ते मोजलं होतं. नवीन पाइपानं कमरेच्या वर टाकी भरेल आणि रोज पाचशेच्या आसपास हंडे मिळतील, असा त्याचा अंदाज होता. करमरकरांनी तो तपासून बरोबर म्हटलं होतं.

एकच टाकी हे ऐकून पुढच्या चाळीत कुजबूज झाली. एक म्हातारा उठून घरी गेला. कौसल्या मात्र उभ्या उभ्या मोठ्यानं म्हणाली, "माझो हंडो थंय मी लावचंय नाय. कोणी कायव म्हणा."

मागच्या चाळीतून दगडू ताडकन उठला. मालननं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही लावू नका," ती म्हणाली. "टाकी तुमच्या हंड्यावाचून अडत नाही. पण ज्यांना लावायचाय त्यांना अडवू नका."

शामराव खाली मान घालून बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "एकत्र लाठ्या खाल्ल्या आम्ही. एका टाकीचं पाणी प्यायला काय जातं? माझं मत टाकीला." त्यांच्यामागून हात वर यायला लागले. सगळे नाही, पण पुष्कळ.

खरं भांडण त्यानंतर झालं. वाटणी कशी करायची? मागच्या चाळीनं आधीच ठरवून आणलं होतं, खोलीमागे सात हंडे. ऐकायला सरळ होतं. पुढच्या चाळीतलेही बरेच जण हो म्हणायच्या बेतात होते.

"खोलीप्रमाणे नको," कुशाबा म्हणाला. "माणसं मोजा."

दगडूनं चमकून त्याच्याकडे बघितलं. पुढच्या चाळीत गावकीच्या खोल्या होत्या. बायकामुलं गावी ठेवून आलेले पंधरा-पंधरा पुरुष एकेका खोलीत पाळ्या लावून झोपायचे. तिथली माणसं तीनशे दहा भरत होती. मागच्या चाळीत एकशे सत्तर. माणसं मोजली तर मागच्या चाळीच्या वाट्याचे सव्वीस हंडे कमी होत होते.

"तू कुणाच्या बाजूचा रे?" मागून कुणीतरी ओरडलं. "इतकी वर्षं त्यांनी भरून घेतलं, आता आपली पाळी आली तर तू पुन्हा त्यांनाच देतोस?"

"तहान खोलीला लागत नाही," कुशाबा म्हणाला. "माणशी एक हंडा. इथं असो नाहीतर तिथं. पोर असो, म्हातारा असो. इतकी वर्षं आपल्याला कमी मिळालं म्हणून आपण बोंब मारली. आता मोजताना आपल्या फायद्याचं माप घेतलं, तर उद्या ते त्यांच्या फायद्याचं दुसरं माप आणतील. मग पुन्हा पाइपाच्या तोंडाशी कोण बसलाय, त्याचंच पाणी."

कुणाला ते लगेच आवडलं नाही. बोलाचाली होत होत पाच वाजले. पण पुढच्या चाळीतली माणसं आता वेगळ्या नजरेनं कुशाबाकडे बघत होती. गावकीच्या एका खोलीतला माणूस उठला आणि म्हणाला, "आम्ही पंधरा जण आहोत. पंधरा जण खणायला येऊ." माणशी एक हंडा यावर दोन्ही चाळींचं जमलं.

काम मेच्या सुट्टीत सुरू झालं आणि पावसामुळे मधे दोन महिने अडलं. पाइप घालायला दगडू पुढे होता. सांध्यावर सांधा तो स्वतः तपासायचा, हातानं चाचपायचा, कापड गुंडाळून ओलं लागतं का ते बघायचा. दुसऱ्यानं हो म्हटलं तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. नवा पाइप गटारापासून पाच फूट लांबून नेला. करमरकरांनी रस्त्यावरचा जोड दिला आणि टाकीच्या भिंतीची जाडी दोनदा बदलायला लावली. त्यावरून कुशाबाची आणि त्यांची जराशी चकमकही झाली. नोव्हेंबरात टाकी भरली. तोट्या दहा, सगळ्या गुडघ्याच्या उंचीवर.

पहिल्या दिवशी माणसं आपोआप दोन बाजूंना उभी राहिली. पुढचे पुढच्या तोट्यांवर, मागचे मागच्या. आठवड्याभरात ते मोडलं. एका बाजूला गर्दी झाली की माणूस वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायचाच. हातात रिकामा हंडा घेऊन किती वेळ उभं राहणार?

कौसल्या शब्दाची पक्की निघाली. ती लांबच्या चाळीतल्या बहिणीकडून पाणी आणायची. पाय दुखायला लागल्यावर शामराव भरायला लागले. गिरणीतला साचेवाला, झेंडा धरणारा माणूस, रोज हंडा घेऊन टाकीवर. बायका हसायच्या. चार महिन्यांनी तेही कंटाळले. मग एका दुपारी, टाकीवर कुणी नसेल अशी वेळ बघून, कौसल्या हंडा घेऊन आली. तिथं मालन गोधडी धूत होती. मालननं आपली बादली बाजूला सरकवली. कौसल्यानं भरलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारीच आली. पुढे पुढे ती सकाळीही यायला लागली. पण मागच्या चाळीत कुणाकडे ती कधी चहाला गेली नाही.

एकोणसाठच्या जून महिन्यात पाऊस लांबला आणि सगळीकडे पाणी निम्म्यावर आलं. कुशाबाला वरून आदेश आला, प्रत्येक गल्लीला दोन तासांऐवजी एकच तास. त्यानं त्या संध्याकाळी टाकीजवळ उभं राहून सगळ्यांना सांगितलं. या वेळी अर्धा तास जास्त सोड असं कुणी म्हणालं नाही. माणशी हंड्याऐवजी माणशी कळशी ठरली. गावकीच्या खोलीतल्या एकानं सोळा कळश्या नेल्या, तेव्हा त्याच्याच खोलीतल्या माणसांनी त्याला एक परत आणून ओतायला लावली. भांडणं रोज झाली. कळशी मोठी-छोटी, तिरकी धरली, सांडली, सगळ्यावरून झाली. पण त्या सव्वा महिन्यात दोन्ही चाळींत एकही घर कोरडं राहिलं नाही आणि कुणी आजारी पडलं नाही.

साठच्या मार्चमध्ये कुशाबाला बढती मिळाली आणि त्याची दादरच्या बाजूला बदली झाली. काळाचौकीचे अकरा व्हॉल्व्ह एका नव्या माणसाकडे गेले. पहिल्याच दिवशी पाणी वीस मिनिटं उशिरा आलं. मालन हंडा घेऊन वर आली आणि कामाला निघालेल्या कुशाबाला म्हणाली, "तुमच्या नव्या माणसाला जाऊन सांगा काहीतरी."

"शिकेल तो," कुशाबा म्हणाला आणि डबा घेऊन खाली उतरला.